वहिनीचं कुत्रं आठ दिवसांत शिकलं

माझ्या मोठ्या जावेचं कुत्रं आठ दिवसांत शिकलं आणि माझं चार आठवडे झाले तरी हॉलमध्येच मुतत होतं. आता यावर कुणी म्हणेल, कुत्र्याचं ते काय एवढं? पण ज्यांना जाऊ आहे त्यांना मी समजावून सांगायची गरज नाही. मी चंद्रावती वहिनीवर जळते. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून जळतेय. उगाच सोज्वळपणाचा आव आणून सांगायला बसले तर पहिल्याच वाक्याला अडखळेन, म्हणून आधीच सांगून टाकलं.

पनवेलच्या कडेला आमची जमीन होती. ती बिल्डरला दिली आणि तिथे तीन मजली इमारत उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं: डावीकडे मोठे दीर भगवानदादा आणि वहिनी, उजवीकडे मी, माझा नवरा निकेश आणि आमची मनस्वी. दोन्ही फ्लॅट अगदी सारखे. लाद्या त्याच, खिडक्या त्याच, नळसुद्धा त्याच बाजूचे गळतात. तरी पाहुणा जिना चढून आला की आधी डावीकडे वळतो. आमच्या सासूबाई, मालूआये, त्याही डावीकडेच राहतात. मी बारावी पास, माझे वडील शाळेत हेडक्लार्क, माझं बोलणं शुद्ध, माझ्या हॉलमध्ये सोफा. वहिनीच्या हॉलमध्ये सतरंजी, आणि त्या सतरंजीवर कायम माणसं.

वहिनीचं माहेर करंजा. तिसरीत तिची शाळा सुटली, कारण बंदरावर बोंबील वाळत टांगले की ते राखायला कुणीतरी लागायचं. वरून कावळे, खालून कुत्री. ही पोर काठी घेऊन दिवसभर बोंबलांच्या रांगेखाली उभी. कुठलं कुत्रं चोरणार आणि कुठलं नुसतं बघून जाणार, हे तिला कुत्र्याच्या कानांवरून कळायचं म्हणे. अठराव्या वर्षी लग्न होऊन इथे आली आणि आयेबरोबर मिठागरावर उभी राहिली. मीठ ओढून ओढून तळहातांना पडलेल्या भेगा अजून तशाच आहेत. आवाज चढवून बोललेली मी तिला कधी ऐकली नाही. हे सगळं मी कौतुकाने सांगतेय असं समजू नका. इतकी वर्षं लोक माझ्यासमोर तिचं कौतुक करत आलेत, म्हणून ते मला पाठ झालंय.

मनस्वीच्या बाळंतपणात मी अकरा दिवस दवाखान्यात होते. अकराही दिवस वहिनी डबा घेऊन आली. शेवटच्या दिवशी नर्स मला म्हणाली, "अशी जाऊ मिळायला नशीब लागतं हो." बाळ माझं, टाके माझे, आणि नशीब काय म्हणे, तर जाऊ! मी तोंड फिरवून झोपल्याचं सोंग केलं.

तर पिल्लांचं. वहिनीचा मुलगा सुशांत न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कामाला आहे. तिथे एका रिकाम्या कंटेनरखाली कुत्री व्याली होती. आषाढाच्या शेवटी त्याने त्यातली दोन पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणली. दोन महिन्यांची, सख्खी भावंडं, दोघंही मातकट रंगाची. एक त्यांना, एक आम्हांला. मनस्वीने आमच्याचं नाव ठेवलं ब्रूनो. वहिनीने त्यांच्याचं ठेवलं भुऱ्या. मला तेव्हा मनातल्या मनात बरं वाटलं, की निदान नावात तरी आपण पुढे आहोत.

निकेशला कुत्रं नको होतं. त्याचे दोन ट्रेलर पळस्प्याला एका यार्डात उभे असतात. तिथे गेल्या वर्षी त्याने राखणीला एक कुत्रा बांधला होता, काळ्या. मागे येणाऱ्या ट्रेलरखाली तो गेला. मनस्वी तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. म्हणून ब्रूनोला त्याने घरात घेतलं, पण अट घालून.

"गणपती यंदा आपल्या घरी हाय," तो म्हणाला. आमच्यात गणपती एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे असतो. "देव दारात यायच्या आधी हा शिकला तर ठीक. नाय शिकला तर पळस्प्याला नेऊन बांधीन. मग रडायचं नाय कुनी."

मनस्वीने "प्रॉमिस" म्हणून हात पुढे केला. अकरा वर्षांची पोर. तिला वाटलं पाच आठवडे म्हणजे खूप झाले.

आणि आठव्या दिवशी आये दारात उभ्या राहून सांगून गेल्या, "चंदीचं भुऱ्या शिकलं बग. जिन्याजवल जाऊन बसतंय. तुजं काय म्हनतं?"

माझं त्याच क्षणी टीव्हीच्या स्टँडखाली तंगडी वर करायचा सराव करत होतं. अजून वरही होत नव्हती तंगडी, पण बाकीचं काम पक्कं.

मी काय कमी करत होते का? दर वेळी पुसायचे. फिनेल, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. आणि घरात देव आहेत, म्हणून शेवटी गोमूत्राच्या बाटलीतलं पाणी तुळशीच्या पानाने त्या जागेवर शिंपडायचे. दिवसातून सहा वेळा. माझी कंबर गेली, पण घर शुद्ध राखलं. वहिनी एवढं करत नसणार याची मला खात्री होती. तिच्या घरी कसलं आलंय गोमूत्र!

मग मी पाळत ठेवायला लागले. दाराच्या भिंगाला डोळा लावायचा आणि पाऊल वाजलं की श्वास धरायचा. भुऱ्या झोपून उठला की वहिनी त्याला उचलून खाली न्यायची. खाल्लं की खाली. खेळून दमला की खाली. लिफ्ट असून जिन्याने. वर पाऊस असला तर छत्री कुत्र्यावर, स्वतः भिजत. मी बाल्कनीत जाऊन खाली बघायचे. ती कण्हेरीपाशी उभी राहायची, एक शब्द बोलायची नाही. त्याचं झालं की जिन्याखालच्या मीटरच्या कपाटातून एक डबी काढायची आणि चिमूटभर काहीतरी त्याच्या तोंडात द्यायची.

जवळा! वाळवलेला बारीक जवळा, करंज्याहून तिच्या भावाने पाठवलेला. श्रावणात घरात सुकी मासळी नको म्हणून डबी खाली ठेवलेली. म्हणजे गुपित हे होतं तर. बाई कुत्र्याला लाच देत होती आणि गावभर शिकवणारीचा मान मिळवत होती.

मी बाजारातून पावशेर जवळा आणला. वहिनी चिमूट देते तर मी मूठ देईन, असा हिशोब. तोही आधीच, स्वयंपाकघरात, त्याच्यासमोर बसून: "खा राजा, आणि आता शहाण्यासारखं खालीच जा." त्याने मूठभर खाल्ला. जवळा खारट. त्यावर तो दोन वाट्या पाणी प्यायला. त्या दुपारी त्याने पाच ठिकाणी केलं, पैकी एक माझ्या चपलेत. वर आयेंना समोरच्या घरात वास आला. "श्रावनात कुनाकडं जवला काढलाय गं?" असं त्या जिन्यात येऊन विचारायला लागल्या, तेव्हा मी तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानंतरच्या सोमवारी वहिनीच्या सतरंजीवर बायका जमल्या होत्या. मीही होते. भुऱ्या उठला, दारापाशी गेला, एकदाच "कुंई" केलं. कुणाच्यातरी तोंडून "अगं बाई, किती शहाणं!" निघालं. आणि आये सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पिल्लू काय, दोगांकडं एकच हाय. शिकवनारी पायजे."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की चहाचा कप तसाच ठेवून मी उठले. घरी येऊन बघते तर ब्रूनोने सोफ्याच्या पायाशी केलेलं. ते पुसलं. आणि ते फडकं हातात असताना माझ्या मनात आलं ते मी केलं. दुपारी सगळे झोपल्यावर ते ओलं फडकं वहिनीच्या दारातल्या पायपुसण्याखाली सरकवलं. वास लागू दे. विसरू दे त्यालाही सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुऱ्याने त्या पायपुसण्यावर मुतलं. भिंगातून मी पाहिलं. मनस्वी पाचवीत वर्गात पहिली आली तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही, हेही खरं. त्याने तिसऱ्या दिवसापर्यंत दोनदा केलं. मग थांबलं. पायपुसणं धुऊन वाळत पडलेलं दिसलं आणि भुऱ्या पुन्हा जिन्यापाशी जाऊन बसायला लागला. फडक्याचं काय झालं ते मी विचारणार कुणाला?

गणपतीला आठ दिवस राहिले. निकेशने साखळी आणली आणि चपलांच्या रॅकला टांगून ठेवली. मनस्वी शाळेतून आली, साखळी बघितली आणि ब्रूनोला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसली. आतून कडी. मी बाहेरून हाका मारतेय आणि ती आतून त्याला सांगतेय, "तू फक्त इथे कर ना, प्लीज, फक्त इथे." मला रडू यायला लागलं. समोरच्या दारात जाऊन "वहिनी, सांगा ना कसं शिकवलंत" एवढं विचारलं असतं तर झालं असतं. दहा पावलंही नाहीत. पण ती दहा पावलं मला टाकता येत नव्हती.

बेल वाजली. दारात वहिनी. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात घडी केलेलं फडकं.

"तुजं हाय," ती म्हणाली. "धुतलंय."

माझं फडकं. स्वच्छ, उन्हात वाळवलेलं, चार पदरी घडी. मी ते घेतलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंही नाही. आत आली, टीव्हीच्या स्टँडपाशी गुडघे टेकले आणि लादीला नाक लावलं. खरंच सांगते, नाक लावून हुंगलं.

"हितं काय शिपरतेस?"

"गोमूत्र," मी म्हटलं. "घरात देव आहेत."

वहिनी टाचांवर बसली. हसली असती तर मी तिला घराबाहेर काढली असती. पण हसली नाही. "कीर्ते, तुना-मना ते पवित्र. त्याला नुसता मुताचा वास. तू रोज पुसतेस आनि रोज त्याला सांगतेस, बाबा रे, तुजी मोरी हीच हाय."

मी सोफ्यावर बसले. सहा वेळा. दिवसातून सहा वेळा मी त्या पोराला सांगत होते.

"त्याचा दोस नाय," ती म्हणाली. "त्यानी तुजं बराबर आयकलं." मग पातेलं पुढे ओढलं. "चिंचेचं पानी हाय. आमी करंज्याला मासली साफ केली का जागा यानीच धुवायचो. वास रायला का कुत्री तिथंच येतात. देवाजवल शिपर तू, पन त्याच्या जागंवर नको."

आम्ही दोघी मिळून हॉल धुतला. मी घासत होते आणि मनातल्या मनात चरफडत होते. तिने मला चार शब्द सुनवायला हवे होते. ती ओरडली असती, मी ओरडले असते, फिटंफाट झाली असती. आता ते घडी केलेलं फडकं मी जन्मभर कुठे ठेवू? तिचं कुत्रं शिकलं, तिला कारण कळलं, आणि वर मोठं मनही तिचंच. एखाद्या बाईने दुसरीसाठी काही शिल्लकच ठेवू नये म्हणजे काय!

त्या दिवसापासून मी तिच्यासारखंच केलं. उठला की खाली, खाल्लं की खाली. डबी मीटरच्या कपाटात, चिमूट काम झाल्यावर. पहिले दोन दिवस पालथ्या घड्यावर पाणी. पण पाचव्या दिवशी दुपारी ब्रूनो आपण होऊन दारापाशी गेला आणि "कुंई" केलं. मी हातातली पोळी टाकून धावले. दार उघडलं. तो बाहेर पडला, जिन्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, सरळ समोर जाऊन वहिनीचं दार खरवडायला लागला.

वहिनीने दार उघडलं. "अरं, तुजी मालकीन तिकरं हाय," असं म्हणत त्याला उचललं आणि खाली घेऊन गेली. सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी तेच. त्याला लागली की त्याला ती आठवायची. खायला मी घालते, रात्री माझ्या पायाशी झोपतो, आणि नड आली की समोरचं दार! माझ्या घरातले पाहुणे, माझी सासू, माझी नर्स, आणि आता हे दीड वितीचं पोरही डावीकडेच वळलं.

निकेशनेही ते पाहिलं. गणपतीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "शिकला तो वयनीकडं. आपल्याकडं कुठं शिकला? उद्या घर भरलेलं असनार. एक थेंब जरी पडला, तर संध्याकाळी पळस्पे." मनस्वी ताटावरून उठली.

गणपतीच्या दिवशी सकाळी जिना माणसांनी भरला होता. मी हिरवी पैठणी नेसले होते. उंबऱ्यापुढे पहाटे उठून काढलेली रांगोळी, अकरा ठिपक्यांची. हातात औक्षणाचं ताट, निरांजन पेटलेलं. दोन वर्षांनी ही पाळी येते. देव ज्याच्या घरी, त्या घरच्या बाईने उंबऱ्यात ओवाळायचं. खालून "मोरया"चा आवाज जिना चढायला लागला. निकेशच्या हातात मूर्ती, तिच्या तोंडावर रुमाल. वहिनी माझ्या मागे, सगळ्या बायकांमध्ये.

तेवढ्यात पायांच्या गर्दीतून ब्रूनो आला. माझ्या पायापाशी आला आणि रांगोळीवर गोल फिरायला लागला. एक फेरी, दोन फेऱ्या. आता हे मला ओळखता येत होतं. निकेश शेवटच्या पायऱ्यांवर होता. तो बघत होता. मनस्वी भिंतीला चिकटून, दोन्ही हात तोंडावर.

"ब्रूनो," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पैठणीला वळसा घालून मागे गेला आणि वहिनीच्या लुगड्याचा काठ दातात धरून ओढायला लागला. बायका हसल्या.

वहिनी लगेच खाली वाकली. "चल रं," म्हणाली आणि त्याला उचलून गर्दीतून वाट काढत जिन्याकडे निघाली. देव समोरून येतोय आणि ही कुत्र्याला घेऊन खाली चाललीय! एवढी वर्षं जिने देवाचे पाय धुतले, ती माझ्या कुत्र्यापायी औक्षण सोडून निघाली, आणि तोंडावर एक आठीसुद्धा नाही. संध्याकाळी सतरंजीवर बायका काय बोलणार ते मला त्याच क्षणी ऐकू आलं: चंदीनं केलं गो, चंदीच करू जाने.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला. हेही हिनेच करायचं? सोडण्याचा मोठेपणासुद्धा हिलाच?

"आणा इकडे त्याला!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने की "मोरया" थांबलं. मी ताट वहिनीच्या हातात कोंबलं, ब्रूनोला तिच्या काखेतून ओढून घेतलं आणि म्हटलं, "ओवाळा तुम्ही. माझं कुत्रं आहे, मी नेते."

निकेश मूर्ती घेऊन भिंतीला टेकला. मी पैठणी गुडघ्यापर्यंत धरून देवाच्या बाजूने जिना उतरले.

खाली पाऊस भुरभुरत होता. कण्हेरीपाशी मी त्याला ठेवलं आणि गप्प उभी राहिले, तिच्यासारखी. पैठणीची जर भिजत होती. त्याने जागा हुंगली, वळला आणि केलं. वरून घंटा वाजली, आणि पाठोपाठ वहिनीचा आवाज आला, सगळ्यांत वरचा, "मंगलमूर्ती!" माझ्या दारात, माझ्या वर्षी, माझ्या निरांजनाने ती ओवाळत होती. मी मीटरच्या कपाटातली डबी काढली आणि चिमूट त्याच्यापुढे धरली. त्याने जवळा खाल्ला, माझी बोटं चाटली आणि मग तिथेच बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्याकडे बघायचा तसा.

जिन्यात वरून निकेश वाकला. "झालं काय?"

"झालं. खालीच."

तो आत गेला, आणि थोड्या वेळाने सुशांतला सांगताना ऐकू आला, "रॅकवरची साखली काढ रं, गाडीला लावाय होईल." वर मनस्वीची किंकाळी ऐकू आली. आनंदाची.

मी वर जायला निघाले आणि पहिल्याच पायरीवर थांबले. हाताला जवळ्याचा वास. घरात देव बसलाय, गौरीची तयारी आहे, बायका आहेत, आणि यजमानीणबाई मासळीचे हात घेऊन येतायत. ब्रूनोला काखेत धरून मी तिथेच उभी राहिले. काय करावं सुचेना.

वरून पावलं वाजली. वळणावर वहिनी दिसली, कपाळाला देवाचं कुंकू, हातात वाटी. माझ्यापुढे धरली. चिंचेचं पाणी होतं.

"हात धू," ती म्हणाली. "देव वाट बगतोय तुजी."

मी हात धुतले. हेसुद्धा तिलाच सुचलं.